इंधनकार्यक्षम वाहनाची निवड

ठरावीक अंतर कापण्यासाठी वाहनाला किती कमी इंधन लागते, यावर त्याची इंधन कार्यक्षमता ठरते. इंधनाचे दर वाढू लागले की वाहन घेणाऱ्याचे लक्ष प्रथम याच गुणाकडे जाते. कार्यक्षम वाहन निवडणे म्हणजे मात्र जाहिरातीतील सर्वांत मोठा आकडा असलेले वाहन निवडणे नव्हे. खरेदीची किंमत, वर्षभरात होणारे धावणे, रस्त्यांचे स्वरूप, इंधनाचा प्रकार आणि वाहन किती वर्षे ठेवायचे आहे, या सर्वांचा एकत्र हिशेब करावा लागतो. या हिशेबात इंधनाच्या दरापेक्षा धावण्याच्या अंतराचा वाटा बहुधा मोठा असतो. हा लेख प्रामुख्याने भारतातील खाजगी चारचाकी वाहनांसंबंधी आहे.

संज्ञा आणि एकक

महाराष्ट्रात बोलीभाषेत या गुणाला 'ॲव्हरेज' किंवा 'मायलेज' म्हणतात. 'गाडी ॲव्हरेज किती देते?' हा प्रश्न वाहनाची किंमत विचारण्याआधीही विचारला जातो. 'ॲव्हरेज' म्हणजे नुसती सरासरी. कशाची सरासरी हे त्या शब्दात कोठेच येत नाही, तरी ऐकणाऱ्याला ते बरोबर कळते. 'मायलेज' या शब्दातील मैल, १९५६च्या कायद्याने देशात मेट्रिक पद्धती आल्यानंतरही भाषेत टिकून राहिला आहे.

भारतात कार्यक्षमता दर लिटरमागे किलोमीटर अशी सांगतात. नैसर्गिक वायूवरील वाहनांसाठी ती दर किलोग्रॅममागे सांगितली जाते. युरोपातील बहुतेक देशांत याच्या उलट, १०० किलोमीटरला किती लिटर इंधन लागले, असा खप सांगण्याची पद्धत आहे. दोन्ही पद्धतींतील माहिती एकच असली, तरी मनावर होणारा परिणाम वेगळा असतो.

वर्षाला १२,००० किलोमीटर धावणारे वाहन घेऊ. लिटरला १० किलोमीटर जाणाऱ्या वाहनाला १,२०० लिटर इंधन लागेल आणि १२ किलोमीटर जाणाऱ्याला १,००० लिटर. केवळ २ किलोमीटरच्या फरकाने २०० लिटर वाचले. आता २० किलोमीटर जाणाऱ्या वाहनाऐवजी २५ किलोमीटर जाणारे घेतले, तर खप ६०० लिटरवरून ४८० लिटरवर येतो. ५ किलोमीटरच्या फरकाने १२० लिटरच वाचतात. पुढे २५ वरून ३० वर गेल्यास बचत अवघी ८० लिटरची. आकडा जितका मोठा, तितकी त्यात पडणाऱ्या प्रत्येक किलोमीटरची किंमत कमी होत जाते.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात या गैरसमजाकडे लक्ष वेधले. दर गॅलनमागे मैल या एककामुळे लोक बचतीचा अंदाज चुकीचा बांधतात, असे त्यांनी दाखवून दिले. पुढे अमेरिकेतील नव्या मोटारींवर लावल्या जाणाऱ्या माहितीपत्रात १०० मैलांना लागणाऱ्या गॅलनचा आकडाही देण्यात येऊ लागला. भारतीय ग्राहकाला हे रूपांतर स्वतःच करावे लागते. त्यासाठी १०० ला लिटरमागील किलोमीटरने भागले की पुरते.

ज्या घरात दोन वाहने आहेत, तेथे या गणिताचा उपयोग अधिक होतो. लिटरला ५० किलोमीटर जाणारी स्कूटर बदलून ६० जाणारी घेतली, तर वर्षाच्या ६,००० किलोमीटरमागे २० लिटर पेट्रोल वाचते. त्याच घरातील जड मोटार १० ऐवजी १२ किलोमीटर जाणारी असती, तर तेवढ्याच अंतरात १०० लिटर वाचले असते. बचत शोधायची असेल, तर घरातील सर्वांत खादाड वाहनापासून सुरुवात करणे योग्य.

दरवाढ आणि निवडीतील बदल

१९७३च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचे आंतरराष्ट्रीय दर काही महिन्यांत सुमारे चौपट झाले. मोठ्या, जड मोटारींची सवय असलेल्या अमेरिकेत लहान जपानी मोटारींना मागणी आली आणि १९७५ मध्ये त्या देशाने मोटारींच्या सरासरी कार्यक्षमतेची अट कायद्याने घातली. भारतात त्या काळी मोटार ही मोजक्या लोकांची वस्तू होती. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ने लहान आणि हलक्या मोटारीला मध्यमवर्गात स्थान मिळवून दिले. दुचाकींच्या क्षेत्रात १९८५ मध्ये आलेल्या हीरो होंडा सीडी १०० या चार-स्ट्रोक मोटारसायकलने तेच काम केले. तोवर रूढ असलेल्या दोन-स्ट्रोक स्कूटरांमध्ये काही इंधन न जळताच धुराबरोबर बाहेर पडत असे.

इंधनाच्या दरावर विसंबून केलेली निवड कशी अडचणीत येऊ शकते, याचे भारतातील ठळक उदाहरण डिझेल मोटारींचे आहे. केंद्र सरकारने जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त केले; डिझेलचे मात्र नियंत्रणातच ठेवले. परिणामी मे २०१२ अखेर दिल्लीत पेट्रोल लिटरला ७३ रुपये १८ पैसे, तर डिझेल ४० रुपये ९१ पैसे होते. लिटरला १६ किलोमीटर जाणारी पेट्रोल मोटार आणि २० किलोमीटर जाणारी डिझेल मोटार यांची तुलना केली, तर किलोमीटरमागे इंधनखर्च अनुक्रमे सुमारे ४ रुपये ५७ पैसे आणि २ रुपये ५ पैसे येई. डिझेलचा खर्च निम्म्याहूनही कमी होता. त्या काळात विकल्या गेलेल्या प्रवासी वाहनांत डिझेलचा वाटा निम्म्यावर गेला. महिन्याला जेमतेम काहीशे किलोमीटर धावणाऱ्या कुटुंबांनीही लाखभर रुपये अधिक मोजून डिझेल मोटारी घेतल्या.

ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलही नियंत्रणमुक्त झाले आणि दोन्ही दरांतील दरी बुजत गेली. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही उत्सर्जन मानके लागू झाली. त्यांसाठी लागणाऱ्या यंत्रणेमुळे डिझेल मोटारींची किंमत आणखी वाढली आणि मारुती सुझुकीने डिझेल मोटारींचे उत्पादन थांबवले. जुलै २०२४ मध्ये मुंबईत पेट्रोल १०३ रुपये ४४ पैसे आणि डिझेल ८९ रुपये ९७ पैसे झाले, तेव्हा वरील दोन मोटारींचा किलोमीटरमागील खर्च सुमारे ६ रुपये ४७ पैसे आणि ४ रुपये ५० पैसे होता. फायदा निम्म्याहून अधिकचा होता, तो सुमारे ३० टक्क्यांवर आला. ज्यांचे धावणे भरपूर होते त्यांना तरीही डिझेल परवडले. ज्यांचे धावणे थोडे होते, त्यांनी खरेदीच्या वेळी अधिक दिलेले पैसे वसूल होण्याआधीच हिशेबाचा पाया सरकला.

जून २०१७ पासून देशभरात इंधनदरांचा दररोज आढावा घेण्याची पद्धत सुरू झाली. मे २०२१ अखेर मुंबईत पेट्रोलने लिटरला १०० रुपयांचा टप्पा ओलांडला. किरकोळ दरात केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा मूल्यवर्धित कर यांचा मोठा भाग असल्याने तो राज्याराज्यांत वेगळा असतो. वाहतुकीच्या अंतरामुळे जिल्ह्याजिल्ह्यांतही फरक पडतो. मनमाडच्या साठवण आगारापासून दूर असलेल्या परभणीचे नाव राज्यातील महागड्या पेट्रोलच्या बातमीत वारंवार येते, ते याच कारणाने.

प्रमाणित आकडा आणि रस्त्यावरील आकडा

वाहनासोबत दिलेला कार्यक्षमतेचा आकडा प्रयोगशाळेतील चाचणीतून येतो. या चाचण्या करणाऱ्या संस्थांत १९६६ मध्ये स्थापन झालेली पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय) ही प्रमुख होय. म्हणूनच कंपनीने सांगितलेल्या आकड्याला बाजारात 'एआरएआयचे मायलेज' म्हणण्याचा प्रघात पडला. या चाचणीत वाहन रोलरवर उभे करून ठरवून दिलेल्या क्रमाने वेग वाढवत, कमी करत आणि थांबवत चालवतात. भारतात दीर्घकाळ वापरात असलेले चाचणीचक्र १,१८० सेकंदांचे असून त्यातील कमाल वेग ताशी ९० किलोमीटर आहे. वातानुकूलन बंद असते. घाट, खड्डे, उलटा वारा आणि मागच्या आसनावरील तीन माणसे यांचा त्यात समावेश नसतो.

त्यामुळे प्रत्यक्ष रस्त्यावर आकडा कमी येतो, आणि शहरी कोंडीत बराच कमी येतो. याला कोणी फसवणूक समजू नये. चाचणी सर्वांना सारखी असल्याने एकाच प्रकारच्या दोन वाहनांची तुलना करण्यास हा आकडा उपयोगी आहे. महिन्याचा खर्च काढण्यासाठी मात्र तो जसाच्या तसा वापरू नये.

स्वतःच्या वाहनाची कार्यक्षमता मोजण्याची विश्वसनीय रीत सोपी आहे. पंपाची नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी, किलोमीटरचा आकडा टिपावा, काहीशे किलोमीटर नेहमीसारखे वाहन चालवावे आणि शक्यतो त्याच पंपावर पुन्हा तशीच टाकी भरावी. मधल्या अंतराला दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरने भागावे. असे तीनचार वेळा केले की मिळणारी सरासरी फलकावरील डिजिटल आकड्यापेक्षा अधिक भरवशाची असते.

इंधन कोठे जाते

पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनाची बहुतांश ऊर्जा उष्णतेच्या रूपाने रेडिएटर आणि धुराबरोबर निघून जाते. चाकांपर्यंत साधारण पाव हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक पोहोचतो. तेथे तो तीन ठिकाणी खर्च होतो: हवेचा विरोध, टायरांचे घर्षण आणि वस्तुमानाला पुन्हा पुन्हा गती देणे.

शहरात तिसरा खर्च प्रमुख असतो. प्रत्येक सिग्नलला ब्रेक लावला की आधी मिळवलेली गती उष्णता होऊन वाया जाते. वाहन जितके जड, तितका हा तोटा मोठा. महामार्गावर हवेचा विरोध प्रमुख ठरतो. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटर वेगाने गेल्यास त्याच अंतरासाठी हवेवर खर्च होणारी ऊर्जा सुमारे ५६ टक्क्यांनी वाढते. उंच, चौकोनी बांध्याच्या मोटारी द्रुतगती मार्गावर अधिक इंधन पितात त्या यामुळेच. छतावर सामानाचा सांगाडा कायम बसवून ठेवणेही यासाठीच महागात पडते.

घाट उतरताना इंजिन न्यूट्रलमध्ये टाकून इंधन वाचवण्याची सवय अनेक चालकांना आहे. कार्ब्युरेटरच्या काळात तिला थोडा आधार होता. आजच्या इंधन-इंजेक्शन असलेल्या वाहनात, गिअरमध्ये असताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की इंधनपुरवठा जवळजवळ बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन लागतच राहते. शिवाय इंजिनाचा रोध नाहीसा होऊन सगळा भार ब्रेकवर येतो, हे अधिक धोक्याचे.

टायरमधील हवा कमी असणे, थंड इंजिनावर दोनतीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणे आणि उभ्या वाहनात इंजिन चालू ठेवणे यांनीही खप वाढतो. या सवयी बदलण्यास खर्च येत नाही. इंधन बचतीच्या प्रचारासाठी पेट्रोलियम कन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन (पीसीआरए) ही संस्था १९७८ पासून काम करत आहे.

इंधनाचे प्रकार

पेट्रोल वाहन खरेदीला स्वस्त आणि देखभालीला सोपे असते. भारतात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण वाढवत २०२५ पर्यंत २० टक्क्यांवर नेण्यात आले. या मिश्रणाला ई-२० म्हणतात. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या अर्थकारणाशी त्याचा निकटचा संबंध आहे. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश एवढीच ऊर्जा असल्याने मिश्रणावर कार्यक्षमता काही प्रमाणात घटते. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यात ही घट जुन्या चारचाकी वाहनांसाठी ६ ते ७ टक्के आणि ई-२०साठी जुळवून घेतलेल्या वाहनांसाठी १ ते २ टक्के धरलेली आहे. वापरलेले वाहन घेताना ते ई-२०ला अनुरूप आहे की नाही, हे पाहणे यासाठी आवश्यक ठरते.

डिझेलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा दहाबारा टक्के अधिक ऊर्जा असते आणि डिझेल इंजिन ती अधिक कसून वापरते. लांब पल्ल्याच्या, जड वाहनांच्या प्रवासाला ते अनुकूल आहे. नव्या डिझेल वाहनांतील काजळी अडवणारी गाळणी साफ होण्यासाठी मात्र इंजिन काही वेळ चांगले तापावे लागते. केवळ गल्लीबोळांतल्या छोट्या फेऱ्या असतील, तर ती तुंबण्याचा त्रास होतो. दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल वाहनांवर न्यायालयीन निर्बंध आल्यानंतर पुनर्विक्रीची किंमत हाही विचाराचा मुद्दा झाला.

संपीडित नैसर्गिक वायू, म्हणजे सीएनजी, किलोग्रॅमने विकला जातो. एका किलोग्रॅममध्ये पेट्रोलच्या सुमारे दीड लिटरइतकी ऊर्जा असते, त्यामुळे दोन आकड्यांची थेट तुलना करणे चुकीचे. किलोमीटरमागे किती रुपये पडले, एवढेच पाहावे. मुंबईतील रिक्षा आणि टॅक्सी बहुतांशी या वायूवर चालतात. दिवसभर धावणाऱ्या चालकाचे घर या फरकावर चालते. दर थोडा वाढला तरी भाडेवाढीची मागणी पुढे येते, ती त्यामुळेच. सीएनजीची किंमत काही अंशी वेळेतही मोजावी लागते: पंपावरची रांग, सामानाच्या जागेत बसवलेली टाकी आणि दर तीन वर्षांनी टाकीची दाबचाचणी हे सारे त्यात येते. ज्या तालुक्यात पंपच नाही, तेथे हा पर्याय कागदावरच राहतो.

हायब्रिड वाहनात इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असते. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा ती बॅटरीत साठवते. जपानमध्ये १९९७ साली आलेल्या टोयोटा प्रियसने हा प्रकार रूढ केला. भारतात २०२२ मध्ये आलेल्या मारुती सुझुकी ग्रँड व्हिटाराच्या हायब्रिड प्रकाराचा प्रमाणित आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर आहे. शहराच्या थांबत-थांबत चालणाऱ्या वाहतुकीत या तंत्राचा खरा लाभ मिळतो. महामार्गावर एकसारख्या वेगात तो कमी होतो. 'माइल्ड हायब्रिड' म्हणून विकल्या जाणाऱ्या वाहनांत छोटी मोटर इंजिनाला केवळ हातभार लावते, त्यामुळे तेथील बचतही अल्प असते. नामसाधर्म्याने ग्राहकाचा घोटाळा होण्याची शक्यता येथे बरीच आहे.

विद्युत मोटारीला १०० किलोमीटरसाठी साधारण १५ युनिट वीज लागते. युनिटला १० रुपये धरल्यास हा खर्च १५० रुपये होतो. लिटरला १८ किलोमीटर जाणाऱ्या पेट्रोल मोटारीला १०५ रुपये दराने त्याच अंतरास सुमारे ५८० रुपये लागतील. घरी चार्जिंगची सोय नसेल आणि सार्वजनिक जलद केंद्रावरच अवलंबून राहावे लागले, तर हे अंतर बरेच कमी होते. जुन्या सोसायट्यांतील सामायिक वाहनतळ ही यातील मोठी अडचण आहे.

वसुलीचा काळ

अधिक कार्यक्षम वाहन बहुधा अधिक महाग असते. वाढीव किमतीला वर्षाच्या इंधनबचतीने भागले की ती किती वर्षांत वसूल होईल, हे कळते.

पेट्रोलचा दर १०५ रुपये धरू. २०२२च्या मध्यापासून पुढील काही वर्षे मुंबईतील दर याच आसपास होता. एक वाहन प्रत्यक्षात लिटरला २० किलोमीटर जाते, दुसरे २५ किलोमीटर जाते आणि दुसऱ्याची किंमत दीड लाख रुपयांनी अधिक आहे. वर्षाला १२,००० किलोमीटर धावणाऱ्या कुटुंबाची बचत १२० लिटर, म्हणजे १२,६०० रुपये होईल. वसुलीला जवळजवळ १२ वर्षे लागतील. हे दीड लाख ९ टक्के व्याजाने कर्जाऊ घेतले असतील, तर पहिल्या वर्षाचे व्याजच सुमारे १३,५०० रुपये होते. इंधनात वाचलेले सर्व पैसे बँकेकडे जातात.

पेट्रोल १२० रुपये झाले तर काय? बचत १४,४०० रुपयांवर जाईल आणि वसुलीचा काळ सुमारे साडेदहा वर्षांवर येईल. दर तोच ठेवून धावणे दुप्पट केले, तर हा काळ सहा वर्षांवर येतो. वर्षाला ४०,००० किलोमीटर धावणाऱ्या टॅक्सीचालकाला तेच दीड लाख साडेतीन वर्षांत परत मिळतात. एकच वाहन एकाला शहाणपणाचे आणि दुसऱ्याला तोट्याचे ठरते ते येथे. दरवाढीच्या बातमीने घाबरून निर्णय घेणाऱ्याने आधी आपल्या वाहनाचा मागील वर्षभराचा किलोमीटरचा आकडा पाहावा.

एका निवडीत मात्र वसुलीचा प्रश्नच उद्भवत नाही, ती म्हणजे लहान वाहनाची. लिटरला १२ किलोमीटर जाणाऱ्या उंच, जड मोटारीऐवजी १८ किलोमीटर जाणारी छोटी मोटार घेतली, तर वरील धावण्यात वर्षाला सुमारे ३३३ लिटर, म्हणजे ३५,००० रुपये वाचतात, आणि खरेदीतही पैसे कमीच लागतात. भारतीय बाजाराचा कल गेल्या काही वर्षांत नेमका उलट दिशेने, उंच मोटारींकडे गेला आहे.

शासकीय मानके

ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ अन्वये मोटार उत्पादकांना २०१७-१८ पासून सरासरी खपाची मर्यादा पाळावी लागते. पहिल्या टप्प्यात ती किलोमीटरला सुमारे १३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड इतकी होती. २०२२-२३ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात ती ११३ ग्रॅमच्या आसपास आली. एक लिटर पेट्रोल जळल्यावर सुमारे २.३ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, यावरून या मर्यादेचा अर्थ लावता येतो. ही मर्यादा उत्पादकाच्या वर्षभरात विकलेल्या सर्व मोटारींच्या सरासरीला आणि त्यांच्या वजनाला जोडलेली आहे. एखादे विशिष्ट वाहन कमी इंधन पिते, याची हमी त्यातून मिळत नाही.

जुने वाहन बदलावे का

दर वाढले की चालू स्थितीतील जुने वाहन विकून नवे घेण्याचा विचार पुढे येतो. लिटरला १४ किलोमीटर जाणारी जुनी मोटार वर्षाला ८,००० किलोमीटर धावत असेल, तर तिच्या जागी २० किलोमीटर जाणारी नवी आणल्याने सुमारे १७० लिटर, म्हणजे १८,००० रुपये वाचतील. नवी मोटार आठ लाखांची आणि जुनीचे दोन लाख आले असे धरले, तर उरलेले सहा लाख केवळ इंधनातून भरून निघण्यास तेहतीस वर्षे लागतात. सुरक्षितता, दुरुस्तीचा वाढता खर्च, उत्सर्जन किंवा कुटुंबाची बदललेली गरज ही वाहन बदलण्याची सबळ कारणे असू शकतात आणि त्यांचा विचार स्वतंत्रपणे करावा. इंधनाचे कारण पुरेसे ठरते ते जुने वाहन फार खादाड असून रोज लांब धावत असेल तेव्हा: मालवाहू टेम्पो, शाळेची व्हॅन, किंवा दररोज शहराबाहेरच्या कारखान्यात जाणाऱ्याची मोटार.